टीव्ही न्यूजरूममधली इंटर्नशिप कोल्हापुरातच करावी की थेट मुंबई गाठावी?

पहिली इंटर्नशिप कोल्हापुरातच करा, मुंबई कुठं पळून जात नाही. पत्रकारिता शिकत असताना मी इथल्याच एका केबल चॅनलमध्ये होतो. माझ्या बॅचचे काहीजण मुंबईच्या मोठ्या चॅनलात गेले. तिथं कानाला हेडफोन लावून नेत्यांच्या पत्रकार परिषदा ऐकायच्या आणि कुठल्या मिनिटाला कामाचा बाइट, म्हणजे बातमीत वापरण्याजोगा बोलण्याचा तुकडा, आहे ते लिहून काढायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. कामाचंच आहे ते, पण अख्खी बातमी हातात कधी आली नाही.

इथं माणसंच कमी. सकाळी कॅमेरामन दादांच्या गाडीवर मागं ट्रायपॉड धरून बसायचं, दुपारी तीच बातमी लिहायची, संध्याकाळी व्हिडिओ एडिटरच्या मानगुटीवर बसून ती कापून घ्यायची.

टीव्हीसाठी लिहायचं म्हणजे काय, ते पावसाळ्यात कळतं. जुलै उजाडला की कोल्हापुरात एकच आकडा चालतो, राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळं चाळिशी जवळ आली की नदीकाठच्या पेठांतली माणसं टीव्हीपुढून हलत नाहीत. प्रेसनोट येते ती सरकारी मराठीत: पाणलोट क्षेत्रात संततधार पर्जन्यवृष्टी, पातळीत लक्षणीय वाढ वगैरे. त्याचं अर्ध्या मिनिटाचं अँकर व्हिज्युअल करायचं, म्हणजे अँकर वाचतो आणि पडद्यावर दृश्यं चालतात. हातात पन्नास-साठ शब्द. आमच्या बुलेटिन प्रोड्यूसर मॅडम प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावायच्या. श्वास अडकला की वाक्य तोडायचं. अँकर ज्यावर बघून वाचतो त्या प्रॉम्प्टरवर ‘एकोणचाळीस फूट’ अक्षरात, पडद्याखाली सरकणाऱ्या टिकरवर तेच अंकात, कारण अँकर लाइव्हमध्ये अंकावर हमखास अडखळतो.

एकदा व्हिज्युअलवर बंधारा बुडालेला दिसत होता आणि स्क्रिप्टमध्ये ‘बंधारा पाण्याखाली’ असं होतं. मॅडम म्हणाल्या, “ते दिसतंय की रे. पलीकडच्या वडणगे-निगव्याच्या माणसानं आता बावड्याला कसं यायचं ते सांग. आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का, ते फोन करून विचार.” चित्रात जे नाही तेच शब्दांत सांगायचं, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पण सहाचं बुलेटिन दहा मिनिटांवर असताना ते अंगात मुरतं.

पैशाचं म्हणाल तर मानधन मिळालं नाही, पेट्रोलही घरच्याच पैशाचं. हे आधीच स्पष्ट विचारून घ्या. सर्टिफिकेट कधी देणार तेही विचारा. आणखी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा: वाढदिवसाच्या जाहिराती देणाऱ्या पुढाऱ्याची बातमी जरा लांबच लागते. वर्गात हे कुणी शिकवत नाही आणि न्यूजरूममध्ये कुणी बोलून दाखवत नाही.

मुंबईला नंतर जाच. मोठा रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांची क्रमवार यादी), पीसीआरमधली (बुलेटिन जिथून चालवतात त्या कंट्रोल रूममधली) धावपळ, बाहेरून लाइव्ह दाखवणारी ओबी व्हॅन हे सगळं त्या प्रमाणात इथं बघायला मिळणार नाही. पण तोवर तुमच्याकडं स्वतः शूट केलेल्या, लिहिलेल्या दोन-चार बातम्या असतील आणि मुलाखतीत त्याच दाखवायला उपयोगी पडतात.

जमलं तर जूनमध्येच रुजू व्हा, म्हणजे पूर्ण पावसाळा मिळेल. रेनकोट मात्र घरून न्या, चॅनलकडं असतो तो फक्त कॅमेऱ्याला.