क्लाउडवर करून घेतलेलं गणित बरोबर आहे का, हे सगळं पुन्हा न करता तपासता येतं का?

हो, येतं, काही गणितांत तर तपासणी मूळ कामाच्या मानाने अगदीच स्वस्त पडते. मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार घ्या. क्लाउडने अ × ब = क असं उत्तर दिलं, की 0 आणि 1 यांचा एक रँडम स्तंभ तयार करा. त्याला आधी ब ने गुणा, जे येईल त्याला अ ने, आणि हे क गुणिले तोच स्तंभ याच्याशी जुळतं का बघा. ही लॅटव्हियाचे संगणकशास्त्रज्ञ फ्रेयवाल्ड्स यांची 1977 ची युक्ती. 1000 × 1000 च्या मॅट्रिक्सला सरळ पद्धतीने 100 कोटी गुणाकार लागतात, इथे एका फेरीत सुमारे 30 लाख क्रिया. चुकीचं उत्तर एका फेरीत निसटायची शक्यता फार तर निम्मी. दरवेळी नवा स्तंभ घेऊन केलेल्या 20 फेऱ्यांत दहा लाखांत एकाहून कमी. फक्त स्तंभ उत्तर हातात आल्यावरच निवडा, आधी कळला तर लबाड सर्व्हर त्याला जुळेल असं उत्तर बनवून देईल. कुठल्याही प्रोग्रॅमला चालेल असं हवं असेल तर झेडके-स्नार्क (zk-SNARK) आहेत, म्हणजे काम बरोबर केल्याचा छोटासा गणिती पुरावा सर्व्हर उत्तरासोबत देतो: पुरावा तपासायला झटपट, पण तो तयार करायला सर्व्हरला मूळ कामाच्या अनेक पट राबावं लागतं. साध्या गुणाकारासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.