मुंबई विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला, तर वर्ग राजाबाई टॉवरजवळ भरतील का?

बहुतेक नाही. विद्यापीठ 1857 चं आणि फोटोत दिसणारी ती फोर्टची इमारत देखणी आहेच. पण तिथे मुख्यतः प्रशासन, दीक्षान्त सभागृह, जुनं ग्रंथालय. विधी विभागासारखे थोडेच विभाग त्या बाजूला. एम.ए., एम.एस्सी.चे बहुतेक विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत. सांताक्रूझ पूर्वेला उतरायचं किंवा कुर्ला पश्चिमेहून बस, शेअर रिक्षा. परीक्षा भवनही तिथेच, म्हणजे मार्कशीटच्या फेऱ्याही तिथेच!

कॅम्पस ऐसपैस, झाडी भरपूर, पावसाळ्यात छत्री असूनही भिजाल. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. वसतिगृहाच्या भरवशावर मात्र राहू नका, जागा कमी आणि मागणी प्रचंड. त्यामुळे निम्मा वर्ग डोंबिवली-विरारहून लोकलने येतो आणि लेक्चर संपलं की गाडी पकडायला पळतो. संध्याकाळी रेंगाळणारं कॉलेज-जीवन हवं असेल तर ते पदवी महाविद्यालयांत जास्त. इथे त्याची जागा कँटीनमधल्या गप्पा आणि नेट-सेटचा (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांचा) अभ्यास घेतो. युथ फेस्टिव्हलच्या एकांकिका मात्र चुकवू नका.

ठाणे आणि रत्नागिरीतही उपकेंद्रं आहेत, त्यामुळे प्रवेशपत्रावरचा पत्ता आधी वाचा.