कॅप्टनला विचारा : उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं आणि आपली बोटीवरची मुलं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन एकाच विषयाची निघाली, म्हणून यावेळी बाकीची बाजूला ठेवली आहेत. ज्यांच्या पत्रांना उत्तर मिळालं नाही त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात घेतो.

कॅप्टनसाहेब, नमस्कार. माझा धाकटा मुलगा बल्क कॅरियरवर थर्ड मेट आहे. कॅनडातून कोळसा घेऊन त्यांची बोट दक्षिण कोरियात पोहांगला चालली आहे. परवा बातम्यांत सांगत होते, उत्तर कोरियाने परत क्षेपणास्त्र सोडलं आणि ते जपानजवळ समुद्रात पडलं. खाली लाल पट्टीवर ‘अणुयुद्ध पेटणार?’ असं येत होतं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. ह्यांना बीपी आहे, म्हणून ह्यांना काही बोलले नाही. मुलाला विचारलं तर तो हसण्यावारी नेतो. साइन ऑफ करून घरी ये म्हणून सांगू का?
— एक आई, वेळणेश्वर

ताई, साइन ऑफ करायला सांगू नका. आधी उत्तर दिलं, आता कारणं सांगतो.

तुमच्या मुलाची वाट मला पाठ आहे. व्हँकुव्हरहून निघालेली बोट पॅसिफिक ओलांडून जपानच्या होन्शू आणि होक्काइदो या दोन बेटांमधल्या त्सुगारूच्या सामुद्रधुनीतून आत शिरते. तिथून पुढे जपानचा समुद्र, आणि दोनेक दिवसांत पोहांग. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं याच भागात येतात, तेव्हा तुमची भीती उगाच नाही. पण ती येतात कशी, ते समजून घ्या.

काही जपानच्या वरून जातात. 2017च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अशी दोन होक्काइदोवरून गेली, 4 ऑक्टोबर 2022ला आणखी एक उत्तर जपानवरून गेलं. ‘वरून’ म्हटलं की आपल्याला विमानाची उंची आठवते. ऑगस्ट 2017चं क्षेपणास्त्र साधारण 550 किलोमीटर उंचीवरून गेलं. अंतराळ स्थानक 400 किलोमीटरवर फिरतं, म्हणजे हे त्याच्याही वर. खालच्या बोटीला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरी असतात ती मुद्दाम जवळजवळ सरळ वर फेकलेली. 29 नोव्हेंबर 2017चं क्षेपणास्त्र सुमारे 4,500 किलोमीटर वर चढलं आणि जेमतेम 950 किलोमीटरवर जपानच्या समुद्रात पडलं. तेच आडवं सोडलं असतं तर अमेरिकेपर्यंत पोचलं असतं, हे दाखवायचा तो मार्ग होता. तुमच्या मुलाशी संबंध येतो तो या दुसऱ्या प्रकाराचा. मात्र तो समुद्र सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि आजवर एकाही व्यापारी जहाजाला असं क्षेपणास्त्र लागल्याची नोंद नाही.

आता माझ्या मनातला खरा राग सांगतो. 31 ऑगस्ट 1998ला उत्तर कोरियाने पहिल्यांदा जपानवरून रॉकेट सोडलं, दुपारी बारा वाजून गेल्यावर. मी तेव्हा सेकंड मेट होतो, बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, माझी, आणि आमची बोट जपानच्या पूर्वेलाच होती. कुणालाही आधी कळवलेलं नव्हतं. आमच्यासारख्या कितीतरी बोटी त्या पाण्यात होत्या, मच्छीमार होते. झालं ते आम्ही नंतर रेडिओवर ऐकलं. 2009च्या एप्रिलमध्ये मात्र उपग्रह सोडतोय म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला आगाऊ कळवलं. रॉकेटचे भाग कुठे पडतील, त्या दोन पट्ट्यांचे अक्षांश-रेखांश दिले. तोवर मी मास्टर, म्हणजे कॅप्टन झालो होतो. इशाऱ्याचा कागद हातात घेऊन माझ्या सेकंड मेटने चार्टवर पेन्सिलीने कोपरे मांडले, रेघांनी जोडले, आडव्या रेघा मारून तो भाग भरला आणि मला विचारलं, ‘सर, दक्षिणेकडून जाऊ या?’ कोर्स बदलला, विषय संपला. एका कागदाने बावीस-तेवीस माणसांचा जीव निर्धास्त होतो, ताई. आणि बहुतेक क्षेपणास्त्र चाचण्यांच्या वेळी उत्तर कोरिया तेवढा कागदही देत नाही. ज्याला स्वतःच्या सामर्थ्याचा एवढा अभिमान आहे त्याने चार आकडे कळवायला काय हरकत आहे? मला हे आजही सहन होत नाही.

सध्या ती उणीव जपानचं तटरक्षक दल भरून काढतं. क्षेपणास्त्र सुटलं की काही मिनिटांत त्या भागातल्या बोटींना त्यांचा इशारा येतो : पुढच्या सूचनेकडे लक्ष ठेवा, समुद्रात काही पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आम्हाला कळवा. मुलाशी बोलाल तेव्हा यातलं शेवटचं तेवढं आवर्जून सांगा. उत्तर कोरियाच्या जुन्या धाटणीच्या रॉकेटांतलं द्रव इंधन अतिशय विषारी असतं. तरंगणारा पत्रा दिसला म्हणून कुणी हुक टाकून ओढायला जाऊ नये.

आणि खरं सांगू? त्या समुद्रात क्षेपणास्त्रापेक्षा मला धास्ती वाटायची ती हिवाळ्यातल्या वाऱ्याची आणि रात्री माकूल धरायला येणाऱ्या बोटींची. त्यांचे दिवे इतके लखलखीत असतात की मधली एखादी बिनदिव्याची होडी दिसतच नाही. तुमचा मुलगा थर्ड मेट आहे, त्याची वॉच आठ ते बाराची, रात्रीसुद्धा. त्याला वॉचच्या आधी नीट झोपायला सांगा. आईचं ऐकेल.

राहिली मुलाच्या वडिलांची गोष्ट. त्यांना सांगा. बातमी आज ना उद्या नाक्यावर कानावर येणारच, ती अर्धवट येण्यापेक्षा तुमच्या तोंडून पूर्ण कळलेली बरी. हे पानच वाचायला द्या.

सर, मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. वर्गात मुलं विचारतात, किम जोंग उन वेडा आहे का? अमेरिका एवढी बलाढ्य आहे तर एकदाच काय तो निकाल का लावत नाही? आणि एका मुलीने विचारलं, ‘आपल्याला काय त्याचं?’ काय सांगू?
— एक शिक्षक, चिपळूण

गुरुजी, वेडा नाही. त्याला वेडा ठरवलं की आपला विचार करायचा त्रास वाचतो, एवढंच. तो क्रूर आहे, स्वतःच्या लोकांना उपाशी ठेवून शस्त्रं बनवणारं राज्य चालवतो, हे खरं. पण त्याचा हिशेब सरळ आहे. इराकच्या सद्दामकडे अणुबॉम्ब नव्हता, तो गेला. लिबियाच्या गद्दाफीने 2003मध्ये आपला अणुकार्यक्रम सोडून दिला, 2011मध्ये तो मारला गेला. उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्याँगयांगमध्ये बसलेल्या माणसाने यातून काय धडा घेतला असेल, ते तुमच्या विद्यार्थ्यांनाही सांगता येईल.

इतिहासाचे शिक्षक आहात, म्हणून सुरुवात 1953पासून करा. उत्तर आणि दक्षिण कोरियातल्या युद्धात 27 जुलै 1953ला फक्त युद्धविराम झाला. शांतता करार आजतागायत नाही, म्हणजे कागदोपत्री ते युद्ध चालूच आहे. आणि या गोष्टीत आपला माणूस आहे, हे मुलांना जरूर सांगा. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या 22,000हून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायचं काम भारताकडे आलं. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या आणि तिथल्या भारतीय सैन्यदलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारताबद्दल इतका संशय होता की आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांचं पाऊल पडू द्यायला ते तयार नव्हते. मग आपल्या जवानांना समुद्रातूनच हेलिकॉप्टरने उचलून थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं गेलं. दोन्ही बाजूंच्या शिव्या खात त्यांनी ते काम पुरं केलं. आपल्या पाठ्यपुस्तकात याला दोन ओळी तरी हव्या होत्या.

निकाल का लावत नाही, याचं उत्तर नकाशावर आहे. दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून सुमारे 50 किलोमीटरवर आहे, चिपळूणहून गुहागरपेक्षा थोडं लांब. त्या राजधानी परिसरात देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या राहते आणि पलीकडच्या डोंगरांत उत्तरेच्या तोफा त्यांच्यावर रोखलेल्या आहेत. 1994मध्ये अमेरिकेच्या क्लिंटन सरकारने उत्तर कोरियातल्या योंगब्योनच्या अणुभट्टीवर हल्ला करायचा विचार केला होता. हा हिशेब पुढे आला, माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्याँगयांगला गेले, आणि ऑक्टोबरमध्ये जिनिव्हाला करार झाला : भट्टी बंद ठेवायची, बदल्यात वीजनिर्मितीच्या दोन अणुभट्ट्या आणि वर्षाला 5 लाख टन इंधन तेल. भट्टी आठ वर्षं बंद राहिली. दोघांनीही तो करार मनापासून पाळला नाही. अमेरिकेकडून तेल रखडत पोचायचं, नव्या भट्ट्यांचं काम रेंगाळलं. उत्तर कोरियाने चोरून युरेनियमचा मार्ग धरल्याचा आरोप 2002मध्ये झाला, तेल बंद झालं. 2003च्या जानेवारीत त्याने अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं आणि 9 ऑक्टोबर 2006ला पहिला स्फोट केला. 2017पर्यंत असे सहा स्फोट झाले. त्याच वर्षी ट्रम्प यांनी ‘आग आणि प्रकोप’ची भाषा वापरली, पुढच्या वर्षी सिंगापूरला किमशी हस्तांदोलन केलं, आणि 2019मध्ये हनोईला जेवणाचं टेबल मांडलेलं असताना बोलणी फिसकटली. आज उत्तर कोरियाकडे सुमारे 50 अण्वस्त्रं असावीत, असा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा अंदाज आहे. ती तो देऊन टाकेल, अशी आशा मी सोडली आहे.

मला भीती आहे ती कुणाच्या तरी हातून होणाऱ्या चुकीची. 13 जानेवारी 2018ला सकाळी हवाईतल्या लोकांच्या मोबाइलवर संदेश आला : क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, ही कवायत नाही. एका कर्मचाऱ्याच्या हातून तो गेला होता. खोटा आहे हे त्याच फोनवर कळायला 38 मिनिटं लागली. मोरीत मुलांना घेऊन बसलेल्या आयांचा विचार करा. आता याच्या जोडीला दोन गोष्टी ठेवा. 2022च्या सप्टेंबरमध्ये उत्तर कोरियाने कायदाच केला, की नेतृत्वाच्या यंत्रणेवर हल्ला झाला तर अण्वस्त्राचा मारा आपोआप होईल. आणि 2023पासून तिथे घन इंधनाची मोठी क्षेपणास्त्रं आली. द्रव इंधन ऐनवेळी भरायला वेळ लागायचा, त्या वेळात उपग्रह बघत आणि माणसं विचार करत. घन इंधनाचं क्षेपणास्त्र भरूनच ठेवलेलं असतं, त्यामुळे तो वेळ गेला. आणि नेमकं 2023च्या एप्रिलपासून दोन्ही कोरियांमधला रोजचा फोन उत्तरेने उचलणं बंद केलं.

म्हणून मी म्हणतो, आधी फोन आणि आधी सूचना, नि:शस्त्रीकरणाची मोठी बोलणी मागाहून. आपलं आणि पाकिस्तानचं कितीही फाटलेलं असो, 2005च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवली जाते. अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा 1988चा करार आहे आणि केंद्रांच्या याद्या दरवर्षी 1 जानेवारीला एकमेकांना दिल्या जातात. एवढं असूनही 9 मार्च 2022ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूला पडलं. नशिबाने कुणी दगावलं नाही, त्यांनी घाई केली नाही. वॉशिंग्टन आणि प्याँगयांग यांच्यात असा एक तरी करार आज असता, तर मी निवांत झोपलो असतो.

त्या मुलीला सांगा, आपल्याला त्याचं आहेच. 1998च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने घौरी क्षेपणास्त्राची चाचणी केली, ते उत्तर कोरियाच्या नोडाँग क्षेपणास्त्रावरून बेतलेलं. पल्ला 1,500 किलोमीटर सांगितला गेला. कराचीहून रत्नागिरी सरळ रेषेत अकराशेच्या आसपास आहे. आणि 1999च्या जूनमध्ये, कारगिल पेटलेलं असताना, आपल्या कांडला बंदरात कू वोल सान नावाचं उत्तर कोरियाचं जहाज साखर घेऊन आलं. कस्टमच्या लोकांनी खोकी उघडली तेव्हा आत क्षेपणास्त्रांचे सुटे भाग आणि आराखडे निघाले. त्या कस्टमवाल्यांचा मला अभिमान वाटतो.

काका, मी जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा कोर्स केलाय. वर्षभर घरी बसलोय. एक एजंट म्हणतो, तैवानच्या बाजूला छोट्या ऑइल टँकरवर जागा आहे, पगार दुप्पट. बोटीचं नाव तिकडे गेल्यावर कळेल, काँट्रॅक्ट पण तिकडेच. त्याला आधी दोन लाख द्यायचेत. आईचे दागिने ठेवू म्हणतोय. जाऊ का?
— एक तरुण, हर्णै

नको जाऊस. दागिन्यांना हात लावू नकोस.

2017च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी उत्तर कोरियाला मिळणाऱ्या शुद्ध तेलावर वर्षाला 5 लाख बॅरलची मर्यादा घातली. त्यामुळे पूर्व चीन समुद्रात रात्री बोटीला बोट लावून चोरटं तेल दिलं जातं. बोट कुठे आहे ते सांगणारं एआयएस यंत्र बंद करतात, बाजूचं नाव खरवडून दुसरं रंगवतात. तुझी जागा अशाच टँकरवर आहे, असं मी म्हणत नाही. पण नाव सांगत नाही, काँट्रॅक्ट देत नाही, पगार दुप्पट, आणि जागा नेमकी त्या पाण्यात, हे मला अजिबात आवडलेलं नाही. असं जहाज पकडलं गेलं की मालक नाहीसा होतो आणि खलाशी परक्या बंदरात पगाराविना अडकतात. तुझी काहीच चूक नसताना तुझ्या सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, त्या बोटीचा शिक्का राहील, तो वेगळाच.

एजंटकडे दोनच गोष्टी माग. एक, त्याचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर. तो डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. दुसरा, जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर. नाव बदललं, झेंडा बदलला, तरी तो नंबर बदलत नाही. हे दोन्ही मिळाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नकोस. आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं हेच मुळात बेकायदा आहे. आधीच काही दिले असशील तर पावती, मेसेज, फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेव आणि मुंबईला डीजी शिपिंगकडे लेखी तक्रार कर. पत्राखाली तुझा फोन नंबर आहे. रविवारी मी फोन करतो, दोन चांगल्या कंपन्यांचे पत्ते देतो, तिथे रांगेत उभं राहावं लागेल.