कॅलिफोर्नियात सिव्हिल केसच्या ज्यूरीवर निवड झालीय, सोमवारपासून ट्रायल आहे. नक्की काय काय पाळावं लागतं? घरी बायकोशी तरी बोलता येतं का?

नाही, केसबद्दल बायकोशी एक वाक्यही बोलायचं नाही. ज्यूरीवर आहे आणि अमुक दिवस लागतील एवढं घरी नि ऑफिसात सांगता येतं, बास. मी सिटिझन झाल्यावर दोन वर्षांनी मला बोलावणं आलं, गाडीच्या अपघाताची भरपाईची केस होती, आठ दिवस चालली, आणि आपल्या घरात हेच सगळ्यात जड जातं कारण आई रोज फोनवर विचारणार की काय झालं रे आज कोर्टात. तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, निकाल लागेपर्यंत विचारू नकोस, मग सगळं सांगतो.

बाकीच्या ज्यूरर्सशीही बोलायचं नाही हे मला आधी माहीत नव्हतं. दोन्ही बाजू ऐकून झाल्या, जजनी सूचना दिल्या, सगळे खोलीत जमलात की मगच चर्चा, तोवर जेवायला एकत्र बसा पण साक्षीदाराचं नाव काढू नका. कारण सरळ आहे, तिसऱ्या दिवशी तुम्ही तोंडाने बोलून गेलात की "हा खोटं बोलतोय" की मग सातव्या दिवशी तुमचं मन ते सोडत नाही.

गूगल, मॅप्स, डिक्शनरी, चॅटबॉट, सगळं बंद. जागा बघायलाही जायचं नाही. आमच्यातल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत त्या चौकाचा स्ट्रीट व्ह्यू उघडला, दुसरीने बेलिफला (कोर्टातला शिस्त बघणारा कर्मचारी) सांगितलं, जजनी आम्हाला एकेकाला आत बोलावून विचारलं आणि त्याला काढून पर्यायी ज्यूररला घेतलं. वाईट माणूस नव्हता हो तो, पण तो फोटो कधीचा, तेव्हा सिग्नल तिथेच होता का, हे विचारायची संधी वकिलांना मिळत नाही ना, जे कोर्टात आलंच नाही त्याला उत्तर कोण देणार?

आता जे आपल्या लोकांना खास सांगायला हवं ते. साक्षीदार हिंदीत बोलला आणि तुम्हाला हिंदी येत असली तरी दुभाषी इंग्लिशमध्ये जे सांगेल तोच पुरावा, आपल्या मनाने दुसऱ्या ज्यूरर्सना अर्थ सांगायचा नाही. आमच्याकडे एक आजोबा म्हणाले, "शायद सिग्नल लाल था" आणि भाषांतरात तो "शायद" गळला. माझा जीव वरखाली. पण मान्य पद्धत एकच, तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून बेलिफकडे द्यायची. मी दिली, जजनी वकिलांना जवळ बोलावलं, प्रश्न परत विचारला गेला आणि "कदाचित" रेकॉर्डवर आलं. गप्प बसलो असतो तर ते आयुष्यभर टोचलं असतं.

लिफ्टमध्ये वकील भेटले तर ते तुमच्याकडे बघणारही नाहीत, राग मानू नका, त्यांना बोलायची मनाई असते.

आपल्याला ज्यूरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो, पण तो फौजदारी होता. सिव्हिलमध्ये संशयाला जागाच नको असं नसतं, कुणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त एवढंच ठरवायचं, आणि इथे १२ पैकी ९ जण पटले तर पुरतं, प्रत्येक प्रश्नाला तेच ९ असायला हवेत असंही नाही. इन्शुरन्स आहे का, कुणाचा, याचा विचारसुद्धा करायचा नाही.

पैशाच्या आकड्यावर आम्ही अडकलो तेव्हा एकजण म्हणाला, सगळ्यांनी आकडे लिहा, सरासरी काढू आणि तोच निकाल धरू. असं आधीच ठरवून घेणं नियमाबाहेर आहे, नाणं उडवणंही. प्रेसायडिंग ज्यूररने, म्हणजे चर्चा चालवायला आमच्यातूनच निवडलेल्या ज्यूररने, लगेच थांबवलं आणि आम्ही हॉस्पिटलचं एकेक बिल पुन्हा काढून बसलो, दुपार गेली, पण भरपाई मागणाऱ्या त्या बाईंच्या पाठीच्या दुखण्याचा हिशोब असा घाईत करणं मला तरी पटलं नसतं.

नोट्स काढू देतात पण वही घरी न्यायची नाही. निकाल वाचून जजनी मोकळं केलं की कुणाशीही बोला, वकील बाहेर थांबून विचारतात, सांगायचं की नाही ही तुमची मर्जी.