आधी रक्त तपासून या

"मॅडम, सगळे म्हणतात हे मनाचंच असतं. म्हणून तुमच्याकडे आलो."

समुपदेशनासाठी आलेल्या या गृहस्थांचं वय ४७. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत. बोलताना ते अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. दीड वर्षापासून लिंगाला ताठरता नीट येत नव्हती, आली तरी टिकत नव्हती. इच्छा होती, बायकोशी भांडण नव्हतं. पण यांचं आपल्यावरून मन उडालं असं वाटून ती दुसऱ्या खोलीत झोपायला लागली होती.

मी विचारलं, "पहाटे जाग येताना ताठरता असते का?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "पूर्वी असायची. कधी थांबली, लक्षातच आलं नाही."

मूळ फक्त मनात असेल तर त्रास बहुधा अचानक सुरू होतो, कधी असतो, कधी नसतो, आणि झोपेतली ताठरता सहसा शाबूत राहते. झोपेत माणसाला कुणापुढे सिद्ध व्हायचं नसतं. हळूहळू वाढत गेलेला, प्रत्येक वेळी होणारा, पहाटही न सोडणारा त्रास असेल तर आधी शरीराकडे बघावं लागतं. ही खूण अचूक नसते, पण मी ती कधीच सोडत नाही.

पुढचे प्रश्न भराभर विचारले. शेवटचं रक्त कधी तपासलं? चार वर्षांपूर्वी, विम्यासाठी. तळपायाला मुंग्या? येतात, बसून काम असतं ना. सिगारेट? दिवसाला आठ-दहा. वडिलांना मधुमेह होता.

"आधी रक्त तपासून या, डॉक्टरांना भेटा. मग आपण बोलूच," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीही हात झटकताय?"

तेव्हा मी त्यांना माझी चूक सांगितली. व्यवसायाच्या सुरुवातीला अशाच एका गृहस्थांशी मी चार महिने लहानपण, लग्न, अपयशाची भीती यांवरच बोलत राहिले. पुढे भलत्याच कारणाने त्यांचं रक्त तपासलं गेलं आणि साखर भरमसाट वाढलेली निघाली. ते चार महिने माझ्यामुळे वाया गेले. ती रुखरुख अजून जात नाही.

मग कागदावर दोन नळ्या काढल्या. एक रिफिलच्या जाडीची, दुसरी काडेपेटीतल्या काडीहून बारीक. हृदयाच्या धमन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंद, लिंगाच्या १ ते २. साखर, वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू मिळून रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतात. ते सगळ्या अंगभर होत असतं, पण बारीक नळीला त्याचा फटका आधी जाणवतो. म्हणून अनेक पुरुषांत छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधी ही तक्रार सुरू होते. लाजेपायी ती लपवणं मला म्हणूनच जिवावरचं वाटतं.

"पण मॅडम, मी गोळीही घेऊन पाहिली. काही झालं नाही. म्हणजे मी संपलोच ना?"

गोळी मित्राने दिलेली होती. मनात इच्छा जागली की मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा संकेत देणारा वायू सुटतो. त्याने स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि त्या दाबाने परतीच्या शिरा चेपल्या जाऊन तिथेच टिकतं. नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामाला १९९८ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) या गोळीला मान्यता मिळाली. ही गोळी तो संकेत निर्माण करत नाही, सुटलेल्या संकेताचा परिणाम फक्त लांबवते. साखरेने अस्तर आणि मज्जातंतू दोन्ही दुखावले असतील तर लांबवायलाच फारसं काही उरत नाही. शिवाय हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ही घेतली तर बीपी धोकादायक घसरतं. मित्राने दिलेल्या गोळीची मला धास्ती वाटते ती यामुळे.

दहा दिवसांनी ते फाइल घेऊन आले, या वेळी बायकोसोबत. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (HbA1c) ८.६ टक्के. मधुमेह ६.५ पासून धरतात. बीपी १५० वर ९६, वाईट कोलेस्टेरॉलही वाढलेलं. त्यांना संशय होता तो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा. सकाळी तपासलेलं ते नॉर्मल निघालं. डॉक्टरांनी हृदयाचीही तपासणी करून घेतली. तिथे सुदैवाने गंभीर काही नव्हतं.

बायकोने रिपोर्ट हातात घेतला, बोट फिरवत एकेक ओळ वाचली आणि नवऱ्याकडे न बघता मला विचारलं, "म्हणजे हे माझ्यामुळे नव्हतं?"

माझं खरं काम तिथून सुरू झालं. रक्तातला दोष सापडला म्हणून मन मोकळं होत नाही. दोन-चारदा फसलेला माणूस पुढच्या वेळी धास्तावूनच जवळ जातो. त्या भीतीने अॅड्रेनॅलिन हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि सैल पडायच्या धमन्या आणखी आवळतात. म्हणून काही आठवडे संभोगाचा आग्रहच ठेवायचा नाही, फक्त स्पर्श, असं ठरवलं. दोघं पुन्हा एका खोलीत झोपू लागली, ही मला पहिली सुधारणा वाटली.

सात महिन्यांनी साखरेची ती सरासरी ६.८ वर आली. सिगारेट सुटली होती, रोज चाळीस मिनिटं झपझप चालणं सुरू होतं. ताठरता परतली, पंचविशीतली नव्हे, पण दोघांना पुरेशी. कधी कधी डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली गोळी लागते आणि आता ती काम करते.

शेवटच्या भेटीत त्यांनी स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "धाकटा भाऊ एक्केचाळीसचा आहे. परवा सहज बोलता बोलता म्हणाला, हल्ली जमत नाही. मी विषय बदलला. आता त्याला कसं सांगू?"

त्यांनी तिथेच मला भाऊ समजून वाक्य म्हणून पाहिलं. पहिल्यांदा अडखळले. दुसऱ्यांदा नीट जमलं: "अरे, मलाही हेच झालं होतं. उद्या सकाळी उपाशीपोटी चल, मी सोबत येतो."