क्वेरी मधूनच ९ सेकंद घेते? प्लॅन उघडण्याआधी सगळ्या वेळा आलेखावर मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस, ग्राहकाचा खातेउतारा दाखवणारं पान एरवी झटकन उघडतं, पण मधूनच ९ सेकंद लटकतं. तीच क्वेरी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला हाताने क्वेरी देण्याचा कमांड-लाइन प्रोग्रॅम) टाकली की ४० मिलिसेकंदांत उत्तर. लॉगच्या फायलींचा ढीग साठलाय आणि त्याचं चित्र कुठल्या टूलने काढायचं ते कळत नाही. वर दोघांनी ‘इंडेक्स लावा’ आणि ‘मेमरी वाढवा’ असं सुचवलंय. दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. जी क्वेरी बहुतेकदा ४० मिलिसेकंदांत होते, तिच्यासाठी निदान एक बरा प्लॅन (उत्तर कुठल्या पायऱ्यांनी काढायचं याचा आराखडा) डेटाबेसकडे आहे हे उघड आहे. मग काही वेळा तो सोडून भलताच प्लॅन का निवडला जातो, की प्लॅन तोच असून क्वेरी कुणाच्या तरी मागे ताटकळते, एवढंच शोधायचंय.

टूलच्या आधी एक खातरजमा. पान लटकलं त्या वेळी डेटाबेसच्या लॉगमध्ये त्या क्वेरीचा कालावधी किती पडलाय? तिथेही ९ सेकंद असतील तर दुखणं डेटाबेसमध्येच. तिथे ४०च मिलिसेकंद दिसत असतील तर प्लॅनची चिरफाड करून हाती काही लागणार नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता चित्र. पहिलं चित्र सगळ्यात साधं असतं आणि नेमकं तेच कुणी काढत नाही. आडव्या अक्षावर घड्याळाची वेळ, उभ्या अक्षावर कालावधी, आणि क्वेरी जितक्या वेळा चालली तितके ठिपके. प्रत्येक वेळेला एक ठिपका, सरासरी नाही. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (प्रत्येक क्वेरीची एकत्रित आकडेवारी दाखवणारा पोस्टग्रेसचा व्ह्यू) मला आवडतं, रोज वापरतो, पण या कामाला ते अपुरं आहे. समजा १०० पैकी ९५ वेळा ४० मिलिसेकंद लागले आणि ५ वेळा ९ सेकंद. सरासरी येते ४८८ मिलिसेकंद. ४८८ मिलिसेकंद एकदाही कुणाला लागलेले नाहीत, आणि तुमच्या डॅशबोर्डवर मात्र ‘अर्धा सेकंद, थोडं हळू’ एवढंच दिसतं. (त्याच व्ह्यूमध्ये कमाल वेळ आणि प्रमाण विचलनाचे कॉलम असतात. निदान ते तरी बघावेत.)

उभा अक्ष लॉगॅरिदमिक (१०, १००, १,००० असा दहापटीने चढणारा) ठेवा. साध्या पट्टीवर ९ सेकंदांचे चार ठिपके वर टांगलेले दिसतील आणि बाकी सगळे तळाशी चिकटून एक रेघ होईल. लॉगच्या ओळीत क्वेरी आयडी (एकाच साच्याच्या क्वेरींना मिळणारा ओळख क्रमांक) येईल अशी सोय आवृत्ती १४ पासून आहे, ती चालू करून ठिपक्यांना आयडीप्रमाणे रंग द्या. ट्रॅफिक जास्त असेल तर प्रत्येक क्वेरी लॉग करू नका, डिस्कच रडेल. आवृत्ती १३ पासून ठरावीक कालावधीवरच्या क्वेरींमधला काही हिस्साच नोंदवण्याची सेटिंग मिळते, ती वापरा. ठिपके लाखांत गेले तर त्यांचा हीटमॅप करा, म्हणजे चौकटी पाडून जिथे ठिपके जास्त तिथे रंग गडद. परफॉर्मन्सतज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांनी २०१० मध्ये डिस्कच्या लेटन्सीवर (उत्तर यायला लागणारा वेळ) जे हीटमॅप दाखवले, तीच युक्ती इथेही चालते. चित्र काढायला पायथनच्या दहा-पंधरा ओळी किंवा सरळ ग्राफाना हे आलेखांचं टूल, काहीही चालेल.

चित्रात काय बघायचं? ठिपक्यांचे दोन वेगळे पट्टे पडले, एक ४०च्या आसपास, दुसरा ९,०००च्या आसपास, आणि मध्ये रिकामं, तर बहुधा दोन वेगळे प्लॅन आहेत किंवा दोन जातीचे ग्राहक. एकाच क्षणी सगळ्या रंगांचे ठिपके वर उसळले तर ती तुमची क्वेरी नव्हेच: डिस्क, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचं काम), किंवा शेजारचा बॅकअप. तळच महिनोन्महिने हळूहळू वर सरकतोय तर टेबल वाढलंय किंवा जुन्या, मेलेल्या ओळींनी फुगलंय.

इथे एक बारीक खोच आहे. लॉगमधली वेळ ही क्वेरी संपल्याची असते, सुरू झाल्याची नाही. त्या वेळेतून कालावधी वजा करा आणि ठिपक्याऐवजी सुरुवातीपासून शेवटापर्यंत आडवी पट्टी काढा. एकाखाली एक अशा पट्ट्या रचल्या की लॉक (एकाने टेबल धरल्यामुळे बाकीच्यांना थांबावं लागणं) डोळ्यांना दिसतो: पट्ट्या वेगवेगळ्या वेळी सुरू झालेल्या, पण उजवीकडे सगळ्या एकाच उभ्या रेषेवर कापल्यासारख्या संपलेल्या. म्हणजे कुणीतरी दार धरून बसला होता आणि त्याने सोडताच सगळे एकदम आत गेले. नेहमीचा प्रसंग असा: महिनाअखेरचा लांबलचक रिपोर्ट टेबल वाचतोय, त्याच वेळी कुणीतरी त्या टेबलावर ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) सोडतं, ते रिपोर्टच्या मागे थांबतं, आणि त्यानंतर आलेल्या साध्या सिलेक्टही त्या ऑल्टरच्या मागे रांग लावतात. प्लॅनमध्ये यातलं काही दिसत नाही. लॉग-लॉक-वेट्स ही सेटिंग चालू असेल तर डेडलॉक टाइमआउटपेक्षा (मुळात तो १ सेकंद असतो) जास्त थांबलेल्याची नोंद लॉगमध्ये येते. ती मूळ स्थितीत तुमच्या आवृत्तीत बंद असते. चालूच ठेवा, तिचा भार काही नाही.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला लॉकपेक्षा ठिपक्यांच्या त्या दोन पट्ट्यांचा, म्हणजे दोन प्लॅनचा, संशय जास्त येतो, कारण पीएसक्यूएलमध्ये क्वेरी *दर वेळी* चटकन होते असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी हाताने एक्सप्लेन (प्लॅन दाखवणारी कमांड) चालवून उपयोग नाही, कारण तुम्ही बघता तो चांगल्या दिवसाचा प्लॅन. वाईट प्लॅन घडला त्याच क्षणी पकडायला हवा, आणि त्यासाठी ऑटो-एक्सप्लेन हे मॉड्यूल आहे. त्याची मर्यादा २ सेकंदांवर ठेवा, फॉरमॅट जेसन, ॲनालाइझ (प्रत्यक्ष वेळ आणि ओळी मोजणं) आणि बफर्स (किती पानं वाचली ते) चालू. एक सावधगिरी: ॲनालाइझ चालू केलं की मोजमाप *प्रत्येक* क्वेरीचं होतं, लॉगमध्ये उतरते ती फक्त हळू. हा भार नको असेल तर त्यातली टायमिंगची सेटिंग बंद करा किंवा सॅम्पल रेट कमी करा. टायमिंगशिवायही ओळींचे आकडे मिळतात, आणि निम्म्याहून अधिक वेळा तेवढेच पुरतात.

हाती आलेला जेसन पीईव्ही२ मध्ये, म्हणजे प्लॅनचं चित्र काढणाऱ्या टूलमध्ये, टाका. डालिबो या फ्रेंच कंपनीचं हे मोफत टूल आहे. ते वेबवरही आहे, पण एकाच एचटीएमएल फायलीत उतरवून आपल्या मशीनवर चालवता येतं, तेच करा. आवृत्ती १६ पासून ऑटो-एक्सप्लेन पॅरामीटरच्या किमतीही लॉगमध्ये लिहितं. ग्राहकांचे मोबाइल नंबर असलेला प्लॅन परक्या सर्व्हरवर चिकटवणं बरं नव्हे. डेपेझची साइट (explain.depesz.com) मजकुराच्या रूपातल्या प्लॅनसाठी छान आहे, तिथे नावं झाकायचा पर्यायही आहे.

आता वाचायचं कसं. मजकुराच्या प्लॅनमध्ये डोळा हमखास फसतो ती ही जागा: नेस्टेड लूपच्या (एका बाजूच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरी बाजू पुन्हा शोधणं) आत एक इंडेक्स स्कॅन, वेळ ०.०२१ ते ०.०२४ मिलिसेकंद, ओळी ३, लूप्स ३१००००. ०.०२४ पाहून माणूस पुढे सरकतो. पण तो आकडा *एका* फेरीचा आहे. ०.०२४ गुणिले ३ लाख १० हजार म्हणजे ७,४४० मिलिसेकंद, तुमच्या ९ सेकंदांतले साडेसात जवळजवळ इथेच गेले. चित्रात हा गुणाकार आधीच झालेला असतो, म्हणून तोच डबा सगळ्यात रुंद दिसतो. पॅरलल वर्कर (एकच क्वेरी वाटून घेणाऱ्या प्रक्रिया) असतील तर मात्र जपून: लूप्समध्ये वर्करही मोजले जातात, म्हणून गुणाकार घड्याळाच्या वेळेपेक्षा जास्त येऊ शकतो.

रुंद डबा सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. तो इंडेक्स स्कॅन निर्दोष आहे, त्याला तीन लाख वेळा कामाला लावणारा दोषी. पीईव्ही२ मध्ये वेळेचा रंग बदलून अंदाजाचा रंग लावा आणि प्लॅनच्या झाडाच्या *तळापासून* वर या. अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी जिथे पहिल्यांदा फारकत घेतात ती फांदी तुमची. समजा तिथे अंदाज १२ ओळींचा आणि आल्या ३१००००. बारा ओळींसाठी नेस्टेड लूप हा शहाणपणाचा निर्णय होता. प्लॅनरला (प्लॅन निवडणारा पोस्टग्रेसचा भाग) माहितीच चुकीची मिळाली.

आणि आता तुमच्या कोड्याकडे. त्या फांदीच्या अटीत ग्राहकाच्या क्रमांकाऐवजी डॉलर-१ (किमतीची मोकळी जागा दाखवणारं $1) असं लिहिलेलं दिसतंय का बघा. दिसलं तर तो जेनेरिक प्लॅन आहे. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून वेगवेगळ्या किमतींनी पुन्हा पुन्हा चालवलेली क्वेरी) पहिल्या पाच वेळा खरी किंमत पाहून प्लॅन करतं. त्यानंतर ‘कुणाही ग्राहकासाठी चालेल’ असा सरासरी प्लॅन महाग पडत नसेल तर तोच धरून ठेवतं. जावाचा ड्रायव्हर सर्व्हरवर प्रिपेअर करायलाच मुळात पाच वेळा थांबतो, म्हणून गडबड कनेक्शन जरा जुनं झाल्यावर सुरू होते आणि सर्व्हर रिस्टार्ट केला की काही काळ ‘बरं वाटतं’. किरकोळ ग्राहकाला तो सरासरी प्लॅन उत्तम, लाखो नोंदींच्या घाऊक ग्राहकाला भयंकर. पीएसक्यूएलमध्ये तुम्ही क्रमांक थेट लिहिता, त्यामुळे तिथे दर वेळी त्या क्रमांकाचा ताजा प्लॅन होतो. आवृत्ती १६ मध्ये एक्सप्लेनला जेनेरिक प्लॅनचा पर्याय आलाय, डॉलर-१ तसाच ठेवून तो लगेच तपासता येतो. निदान पक्कं झालं तर प्लॅन-कॅश-मोड फक्त त्या क्वेरीपुरता कस्टमवर सक्तीने ठेवा. सगळ्या डेटाबेसला लावू नका, दर वेळी प्लॅन करण्याचा खर्च फुकटचा वाढेल.

डॉलर-१ नसून खरी किंमत असेल आणि तरी अंदाज चुकला असेल तर आकडेवारी शिळी आहे किंवा कॉलम एकमेकांशी बांधलेले आहेत. जिल्हा सातारा आणि तालुका कराड या दोन अटी प्लॅनर स्वतंत्र धरून त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करतो. कराडचा माणूस साताऱ्याचाच असणार हे त्याला ठाऊक नसतं. आवृत्ती १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स याचसाठी आहे. ते दिल्यावर ॲनालाइझ ही आकडेवारी ताजी करणारी स्वतंत्र कमांड चालवायला विसरू नका.

राहिला ॲपचा भाग. लॉगमध्ये ४० मिलिसेकंद आणि पानावर ९ सेकंद अशी तफावत असेल तर ओपनटेलिमेट्री (ॲपमधल्या प्रत्येक पायरीची वेळ नोंदवणारं साधन) लावून येगर या त्या नोंदी दाखवणाऱ्या टूलमध्ये एका रिक्वेस्टची पट्टी उघडा. तिथे पट्ट्यांइतकंच त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे लक्ष द्या. क्वेरीच्या आधी लांब रिकामी जागा म्हणजे बहुधा पूलमधून (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) कनेक्शन मिळायची वाट. फणीच्या दातांसारख्या शेकडो बारीक पट्ट्या म्हणजे ओआरएम (कोडमधून आपोआप क्वेरी तयार करणारी लायब्ररी) प्रत्येक नोंदीसाठी वेगळी क्वेरी मारतोय. त्यातली एकही हळू नसते, म्हणून स्लो लॉगमध्ये काहीच सापडत नाही. आणि क्वेरीची पट्टी ॲपमध्ये लांब पण एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये आखूड असेल, तर तुम्ही मोठाले जेसन कॉलम विनाकारण ओढताय का बघा. एक्सप्लेन ॲनालाइझ निकाल क्लायंटकडे पाठवतच नाही, त्यामुळे तो खर्च त्यात येत नाही. आवृत्ती १७ मध्ये सीरियलाइझचा पर्याय आलाय, तो निकाल पाठवण्याजोगा बनवण्याचा खर्च मोजतो, नेटवर्कचा नव्हे.

ट्रेस आयडी (एका रिक्वेस्टचा ओळख क्रमांक) क्वेरीत कॉमेंट म्हणून घालायचा सल्ला मिळेल. ॲपची पट्टी आणि डेटाबेसचा लॉग जुळवायला तो उत्तम, पण आयडी दर वेळी बदलतो, म्हणजे क्वेरीचा मजकूरही बदलतो आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा पुनर्वापर होत नाही. तुमच्या बाबतीत तर त्याने दुखणंच नाहीसं होईल आणि कारण कधीच कळणार नाही. तेव्हा शोध संपेपर्यंत कॉमेंट नको.

एका दिवसाचा ठिपक्यांचा आलेख आणि ऑटो-एक्सप्लेनने पकडलेला एक वाईट प्लॅन, ग्राहकांची माहिती काढून, इथे टाका. डॉलर-१ आहे की नाही तेही लिहा.