अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये वीस-एकवीस वर्षांचे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे खेळाडू, कसे असतात? अठरा वर्षांच्या मुलांवर हा अन्याय नाही का?

अन्याय अजिबात नाही. माझा मुलगा विसाव्या वर्षी फ्रेशमन म्हणून खेळला, म्हणून हा शब्द मला लागतो.

बारावीच्या मार्चमध्ये त्याच्या कोपराचं लिगामेंट फाटलं. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूवर) पहिल्यांदा झालेली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करावी लागली. मनगटाजवळचा टेंडन काढून कोपरात बसवतात. पिचरला सामन्यात परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ऑगस्टमध्ये बरोबरीची मुलं हॉस्टेलवर गेली आणि हा ओहायोतल्या आमच्या अंगणात माझ्याकडे चेंडू टाकत होता. ४५ फुटांवरून, हलक्या हाताने, २५ चेंडू. मग विश्रांती, मग पुन्हा २५. एक दिवसाआड. चेंडू सुटताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, कारण दुखलं तरी तो सांगणारा नव्हता. बाकी वेळ किराणा दुकानात काउंटरवर काम करायचा.

त्याच महिन्यात सांगलीहून मोठ्या दिरांचा फोन आला. "पोराचं वर्ष वाया घालवलंत. आता गॅप सर्टिफिकेट काढत बसा." त्यांच्या मुलीने नीटसाठी वर्षभर घरी अभ्यास केला, तेव्हा तिचं वर्ष वाया गेलं नव्हतं. ती 'तयारी' होती! मुलगी कष्टाळू आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण एकाच घरात दोन मापं का?

तुम्ही म्हणता ते मोठे फ्रेशमन बहुतेक असेच असतात. कोणी दुखापतीतून उठलेला, कोणी सैन्यातून आलेला. युटातल्या ब्रिगम यंग विद्यापीठातली बरीच मुलं आधी दोन वर्षं चर्चच्या मिशनवर जातात. नुसतं वय वाढवून फायदा घेता येत नाही. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या गटात, हायस्कूलनंतर एक वर्षाची सूट मिळते. त्यापुढे बाहेरच्या लीगमध्ये खेळत राहिलात, तर कॉलेजचे सीझन कापले जातात.

विसाव्या वर्षी अंगात ताकद जास्त असते, हे खरं. पण फ्रेशमन पिचरसमोर बावीस वर्षांचे सीनियर (शेवटच्या वर्षाचे) बॅटिंगला येतातच, त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. उलट ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ते कमी वयाचा खेळाडू आधी बघतात, म्हणजे उशिराची किंमत तो मुलगाच मोजतो.

नियम डिव्हिजननुसार वेगळे आहेत आणि सारखे बदलतात, त्यामुळे मुलाला थांबवण्याआधी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाडूंच्या पात्रतेचे नियम बघणाऱ्या कार्यालयाला) विचारा. आणि दुखापत नसताना केवळ उंची वाढावी म्हणून थांबवणं मला पटत नाही. पण मुलाचं कोपर बरं होत असेल, तर नातेवाइकांच्या फोनपायी त्याला घाईने मैदानात उतरवू नका.

आमच्याकडे गॅप सर्टिफिकेट कोणीही मागितलं नाही. कोचने एवढंच विचारलं, "आता किती फुटांवरून टाकतोस?"